फोटो पाठवण्याआधी पाठीमागे बघा

सोलापुरात कुणाचा फोटो नको तिथं पोचला की पहिला संशय ‘हॅकर’वर जातो. प्रत्यक्षात तो फोटो बहुधा आपणच कुणाला तरी दिलेला असतो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी, नाहीतर वधू-वर ग्रुपवर टाक म्हणून मावशीला. तिथून पुढं तो किती हातांतून गेला याचा हिशेब कुणाकडंच नसतो. शिवाय एकटा फोटो फारसं बोलत नाही. त्यातली पाटी, गाडीचा नंबर, तारीख आणि चार महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या फोटोतलं आईचं नाव एकत्र ठेवलं, की माणूस पत्त्यासकट समोर उभा राहतो. फोन हातात घेऊन हा लेख वाचलात तर तासाभरात बरंचसं काम उरकेल.

फाइलच्या पोटातला पत्ता

फोननं काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक नोंद जाते. तिला एक्झिफ म्हणतात. फोनचं मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर अक्षांश-रेखांशही त्यात असतात. सोलापूर शहर साधारण १७.६६ उत्तर आणि ७५.९१ पूर्व इथं येतं. दशांशचिन्हानंतर असे दोनच आकडे असले तर किलोमीटरभराचा परिसर कळतो. चौथ्या आकड्याला तो ११ मीटरवर येतो, आणि फोन त्याहून जास्त आकडे लिहितो. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनचा अंदाज पाच-दहा मीटर चुकतो, हा काय तो दिलासा. पूर्व भागातल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत त्यामुळं शेजाऱ्याशी घोळ होईल. जुळे सोलापुरातला एकटा बंगला मात्र बरोबर सापडेल.

आधी तुमच्या फोटोत लोकेशन आहे का ते बघा. गुगल फोटोजमध्ये घरात काढलेला एखादा फोटो उघडून वर सरकवा. खाली नकाशा दिसला तर आहे. आयफोनवरही फोटो वर सरकवला की तेच दिसतं. विंडोज कॉम्प्युटरवर फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’ उघडा, तळाशी ‘जीपीएस’ असा भाग आहे का बघा.

मग बंद करा. अँड्रॉइडवर कॅमेरा ॲप उघडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. कंपनीनुसार ‘लोकेशन टॅग’, ‘सेव्ह लोकेशन’ किंवा ‘जिओ टॅग’ अशा नावाचं बटण असतं. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, आणि तिथं ‘नेव्हर’. तोटा एकच, पुढं ‘पंढरपूरचे फोटो दाखव’ म्हणून शोधता येणार नाही. ई-पीक पाहणीसारख्या ॲपला पिकाच्या फोटोसोबत जागा लागते, पण ते ॲप स्वतःची परवानगी वेगळी घेतं. कॅमेऱ्याची बंद असल्यानं काही अडत नाही.

बटण बंद केल्यानं जुने फोटो धुतले जात नाहीत. त्यांच्यासाठी पाठवताना काळजी घ्यावी लागते. आयफोनवर शेअर दाबल्यावर वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, तिथं लोकेशन काढून टाकता येतं. विंडोजवर त्याच ‘डिटेल्स’च्या तळाशी ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ आहे; ते माहिती काढलेली वेगळी प्रत बनवून देतं. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोटोचा स्क्रीनशॉट. त्यात मूळ फोटोची नोंद येत नाही. स्टेटससाठी तो झकास चालतो, दहा फुटी फ्लेक्ससाठी मात्र उपयोगाचा नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि लोकेशन गळून पडतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पोटातल्या पत्त्यासकट. ईमेलचं आणि गुगल ड्राइव्हचंही तसंच. आता फ्लेक्सवाला, स्टुडिओवाला काय म्हणतो? “भाऊ, डॉक्युमेंटमधी टाका, क्लॅरिटी जाते.” त्याचं बरोबरच आहे, पण नेमक्या याच वाटेनं पत्ता बाहेर जातो.

काही फोटोंत तर पत्ता वरच छापलेला असतो. शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडीच्या कामांचा पुरावा म्हणून अक्षांश-रेखांश आणि नकाशाची पट्टी फोटोवर उमटवणारी कॅमेरा ॲप वापरली जातात. अहवालासाठी ते ठीक. तोच फोटो, पोषण आहार खाणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांसह, गावच्या ग्रुपवर टाकला तर एक्झिफ काढून काही होत नाही. पट्टी कापूनच टाकावी लागते. अहवालासाठी एक आणि ग्रुपसाठी एक असे दोन फोटो काढायची सवय लावून घ्या.

चौकटीत काय काय आलंय

फाइल साफ झाली तरी चित्र बोलतंच. फोटो पाठवण्याआधी बोटांनी मोठा करून चारी कोपरे बघा. दहा सेकंदांचं काम आहे. दारावरची नावाची पाटी, लाइटच्या मीटरवरचा नंबर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले फोन नंबर, टेबलावर पडलेलं पासबुक, कपाटाच्या आरशात उमटलेली दुसरी व्यक्ती. कुंभारीजवळच्या रे नगरसारख्या वसाहतीत घरं एका साच्याची असतात, त्यामुळं दारावर रंगवलेला घर क्रमांक हीच एकमेव खूण ठरते. उलट गच्चीवरून काढलेल्या फोटोत भुईकोटाचा बुरूज, तलाव आणि सिद्धेश्वर मंदिर एका रेषेत आले, तर शहर माहीत असलेला माणूस गच्ची कुठल्या बाजूला आहे ते सहज सांगेल. पाठीमागच्या दुकानाची पाटी तेलुगूत असली की पूर्व भाग डोळ्यांसमोर येतोच.

पार्श्वभूमीवरून वेळसुद्धा कळते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची वादग्रस्त चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. ती मागं दिसत असेल तर फोटो त्याआधीचा, हे सांगायला एक्झिफ कशाला लागतं?

कागदपत्रांचे फोटो हा तर वेगळाच छंद झालाय.

नव्या गाडीची चावी हातात घेऊन काढलेला फोटो घ्या. एमएच १३ पुढचा पूर्ण नंबर सरकारी परिवहन ॲपवर टाकला की मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. मालकाचं नाव तिथं अर्धवट झाकलेलं असतं, पण पोस्टवर ते तुम्हीच पूर्ण लिहिलेलं असतं. मग खोट्या ई-चलानाचा मेसेज तुमच्या खऱ्या नंबरासह येतो आणि खरा वाटतो; सोबतची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडली की फोन गेला. चावीचाही प्रश्न आहेच. दुरून काढलेल्या फोटोवरून चावीच्या दातांची मापं घेता येतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. घराची किल्ली असेल तर दात मुठीत ठेवा.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आसन क्रमांक आणि आईचं नाव दोन्ही असतं. ऑनलाइन निकाल बघायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. लेकराचं कौतुक करायचं तर टक्के लिहा, पेढ्याचा फोटो टाका. रेल्वेच्या तिकिटावरचा दहा आकडी पीएनआर कुणीही टाकून बघू शकतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा डबा, बर्थ आणि तारीख कळते, म्हणजे त्या रात्री घरी कोण नाही हेही कळतं. वीजबिल जास्त आलं म्हणून बिलाचा फोटो टाकणाऱ्यांनी बारा आकडी ग्राहक क्रमांक झाकावा. ‘आज रात्री लाइट कट होणार’ असा फसवा मेसेज खऱ्या ग्राहक क्रमांकासह आला तर भलेभले घाबरतात.

प्रवासाचे फोटो परतल्यावर टाका. गड्ड्याच्या यात्रेत रमलेलं अख्खं कुटुंब संध्याकाळी सात वाजता स्टेटसवर दिसलं, तर घराला कुलूप आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूरलाही तोच नियम. देव उद्याही तिथंच असतो.

दोन बोटं दाखवलेल्या फोटोवरून बोटांचे ठसे चोरतात, अशी भीती अधूनमधून ग्रुपवर फिरते. ती अगदीच हवेतली नाही. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एका संशोधकानं तिथल्या तत्कालीन संरक्षणमंत्र्यांचा ठसा चांगल्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरून तयार करून दाखवला होता. पण सोलापुरातल्या सामान्य माणसाच्या यादीत हा धोका तळाशी. काळजी वाटत असेल तर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक (ठसे, डोळे यांवरून पटणारी ओळख) लॉक करा, आणि त्याआधी फोटोतली दारावरची पाटी झाका.

व्हॉट्सॲप

नवख्या माणसाचे नव्वद टक्के फोटो इथूनच जातात, असं धरून चला. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ उघडा.

डीपी: ‘माय कॉन्टॅक्ट्स’. ‘एव्हरीवन’ ठेवली तर तुमचा नंबर असलेला कुणीही ती उचलून नव्या नंबरला लावतो आणि तुमच्या काकांना ‘अर्जंट पैसे पाठवा’ म्हणतो. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, नव्या नंबरवरून पैसे मागितले तर जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं.

स्टेटस: इथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ पुरेसं नाही. तुमच्या फोनमध्ये गॅसवाला, प्लंबर, जागेचा एजंट, तीन वर्षांपूर्वीचा रिक्षावाला सगळे सेव्ह आहेत, आणि त्यांच्याकडं तुम्ही. ‘ओन्ली शेअर विथ’ घेऊन खऱ्या माणसांची यादी एकदा करून ठेवा. पुढचं प्रत्येक स्टेटस आपोआप त्याच यादीला जातं. स्टेटस २४ तासांनी जातं, पण कुणी घेतलेला स्क्रीनशॉट राहतोच.

ग्रुप्स: ‘मला कोण ॲड करू शकतं’ तिथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’. एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात. ‘आमचा समाज, सोलापूर’ अशा ग्रुपवर बारशाचा फोटो टाकणं म्हणजे तो पार्क चौकात लावण्यासारखं आहे.

‘व्ह्यू वन्स’वर, म्हणजे एकदाच उघडणाऱ्या फोटोवर, फार विसंबू नका. ॲप स्क्रीनशॉट अडवतं, पण समोरच्यानं दुसरा फोन धरून फोटो काढला तर ते काय करणार? चुकून गेलेला फोटो ‘डिलीट फॉर एव्हरीवन’नं दोन दिवसांहून थोड्या अधिक वेळापर्यंत काढता येतो. तेवढ्यात समोरच्याच्या गॅलरीत उतरलेली प्रत राहू शकते. मुदत टळली असेल तर ग्रुप ॲडमिनला सांगा, ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढता येतो.

‘लिंक्ड डिव्हायसेस’ हेही बघून घ्या. कधीकाळी कुणाच्या कॉम्प्युटरवर क्यूआर स्कॅन करून व्हॉट्सॲप उघडलं असेल आणि तिथून बाहेर पडायचं राहिलं असेल, तर तुमचे फोटो तिकडंही उतरत असतात. ओळखू न येणारं जे दिसेल ते लॉग आउट करा.

लग्नाचा बायोडेटा

आपल्याकडं खाजगी माहितीची सगळ्यात मोठी पोतडी कुठली असेल तर ही. चांगल्या स्टुडिओत काढलेला फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, पगार, कंपनी, वडिलांचा मोबाइल, घरचा पत्ता, वर मामांची नावं-गावं. हे सगळं एका पानावर छापून आपण स्वतः पन्नास ग्रुपवर सोडतो.

एकेक ओळ काय उघडते ते बघा. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, जे ‘सुरक्षा प्रश्न’ म्हणून बँका वर्षानुवर्षं विचारत आल्या. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष; दोन्ही बायोडेटावर ठळक अक्षरांत. फोटोवरून खोटं प्रोफाइल बनतं आणि त्याला खरी वाटणारी सगळी माहिती शेजारीच मिळते.

बायोडेटा बंद करणं शक्य नाही, स्थळं तशीच येतात. तेव्हा दोन बायोडेटा करा.

पहिला, ग्रुपवर जाणारा. नाव-आडनाव, जन्मवर्ष फक्त, शिक्षण, कामाचं क्षेत्र, परिसराचं ढोबळ नाव, म्हणजे ‘विजापूर रोड परिसर, सोलापूर’ एवढंच. संपर्काला एकच नंबर, शक्यतो काकांचा किंवा वेगळ्या सिमचा, मुलीचा स्वतःचा कधीच नाही. पत्रिकेसाठी जन्मवेळ द्यावीच लागते हा गैरसमज आहे. ३६ गुणांचं मेलन चंद्राच्या नक्षत्रावर, चरणावर आणि राशीवर होतं. ती तिन्ही लिहा, गण-नाडी त्यातूनच निघते. मंगळ बघायला मात्र पूर्ण कुंडली लागते, म्हणून ‘मंगळ आहे’ किंवा ‘नाही’ अशी एक ओळ पहिल्याच कागदावर टाका.

दुसरा, सविस्तर. दोन्ही घरांचं बोलणं झाल्यावर, एका माणसाला, ग्रुपवर नाही.

फोटो एकच द्या, हजार पिक्सेल रुंदीचा; फोनवर बघायला तेवढा पुरतो आणि मोठा छापता येत नाही. त्यावर अंगावरच्या कपड्यांवरून जाईल अशी फिकट आडवी ओळ घाला, ‘फक्त स्थळासाठी’ आणि महिना-वर्ष. कोपऱ्यात लिहिलेली ओळ कुणीही कापतो. वेगवेगळ्या ग्रुपला किंवा मंडळाला देताना प्रत्येक प्रतीत एक बारीक खूण बदला, तळाशी ‘३’ किंवा ‘७’ असा आकडा चालतो. पुढं फोटो भलतीकडं सापडला तर कुठून सुटला ते कळतं. ज्या मावशीकडं दिलात तिला हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं रुसवा.

डीटीपीवाला वर्डची फाइल देत असेल तर ती पुढं पाठवू नका, पीडीएफ किंवा चित्र मागा. वर्डमध्ये कापलेला फोटो खरं तर कापलेला नसतो; झाकलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो आणि पुन्हा ओढून बाहेर काढता येतो. कुणाच्या तरी साखरपुड्यातला ग्रुप फोटो कापून बायोडेटाला लावला असेल, तर शेजारी उभी असलेली बहीणही सोबत गेली.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिलेली प्रत

झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट हवी असते. आपण दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देऊन निघतो. प्रत दुकानाच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲप वेबमध्ये आणि कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये राहते. दुकानदार भला माणूस असतो, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात दहा जण बसतात.

घरून निघतानाच आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार दिसतात. प्रिंट झाल्यावर तिथंच उभं राहून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा, आणि “दादा, डाउनलोडमधली पण काढा, रिसायकल बिनमधून पण” असं हसून सांगा. रोज दोन-चार जणांनी सांगितलं की त्यांनाही सवय होते. झेरॉक्सवर सही करताना कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. अक्षरं फोटोवरून आणि छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, मोकळ्या जागेत नकोत.

लग्नाचे फोटो हल्ली ड्राइव्हच्या लिंकवर मिळतात. ‘लिंक असलेला कुणीही’ असा पर्याय चालू असेल तर ती लिंक ज्या ज्या ग्रुपवर गेली तिथला प्रत्येक जण आत शिरतो, आणि नवरीच्या खोलीत तयारी चालू असतानाचे फोटोही त्यातच असतात. फोटोग्राफरकडून आधी सगळे फोटो घरच्यांनाच द्यायचं कबूल करून घ्या. निवडलेल्यांची वेगळी लिंक करा आणि महिन्यानं ती बंद करा. कार्यालयात क्यूआर लावून ‘सेल्फी द्या, तुमचे फोटो मिळवा’ ही सोय छान दिसते. पण कुणी दुसऱ्याच मुलीचा फोटो सेल्फी म्हणून चढवला तर? तिचे सगळे फोटो त्याच्या हातात. ती सोय ठेवायचीच असेल तर आधी फोटो चाळून ठेवा आणि क्यूआर बॅनरवर न लावता पाहुण्यांना वैयक्तिक पाठवा.

नवी पेठेत किंवा कुठंही नवा फोन घेताना दुकानातल्या पोरानंच जीमेल खातं काढून दिलं असेल, तर पासवर्ड त्यालाही माहीत आहे. घरी आल्यावर आधी पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. घरातल्या तीन फोनवर एकच जीमेल असलं की तिघांची गॅलरी एकाच गुगल फोटोजमध्ये ओतली जाते. मुलाचे कॉलेजचे फोटो आजोबांच्या फोनमध्ये उगवतात ते यामुळंच, त्याला हॅकिंग म्हणू नये.

लहान मुलं

आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, अगदी भावकीच्याही. गणवेश, ओळखपत्र, रिक्षाचा नंबर आणि शाळा सुटायची वेळ यांतल्या दोन गोष्टी एका फोटोत आल्या तर अनोळखी माणसाला मुलाशी ओळख काढायला पुरतात. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी हे फोटो ढिगानं येतात. पाठमोरा काढा, किंवा घरातल्या साध्या भिंतीसमोर. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो टाकण्याआधी त्याच्या आईला विचारा, आणि मूल सात-आठ वर्षांचं असेल तर त्यालाही.

झाकताना होणाऱ्या चुका

फोनमधला हायलायटर किंवा फिकट पेन वापरून आकडे खोडले तर ते खोडले जात नाहीत. फोटोची चमक आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की खालचे आकडे पुन्हा वर येतात. अस्पष्ट करणंही आकड्यांसाठी भरवशाचं नाही, कारण ठरावीक अक्षरसाच्यातले दहाच अंक असतात आणि अंदाज बांधता येतो. पूर्ण काळा, अपारदर्शक चौकोन घाला. मग त्या झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पाठवा.

स्क्रीनशॉट का? कारण संपादन उलटवता येतं. आयफोनवर कापलेला फोटो ‘रिव्हर्ट’ दाबून पूर्ववत होतो, आणि एअरड्रॉपनं (ॲपलच्या एका उपकरणावरून जवळच्या दुसऱ्यावर) ‘ऑल फोटोज डेटा’ चालू ठेवून पाठवला तर मूळ फोटोही सोबत जातो. २०२३ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनात दोष सापडला होता. कापलेला भाग फाइलच्या शेपटीत राहत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच निघाला. दोन्ही दुरुस्त झाले, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली आहेत तशाच फिरतायत. आधारवर आकडे झाकून क्यूआर उघडा ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. नाव, पत्ता, जन्मतारीख त्या क्यूआरमध्येही असते.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं थोडक्यात. फेसबुकवर ‘लॉक प्रोफाइल’ २०२० पासून भारतात आहे, ते चालू करा. जुन्या सार्वजनिक पोस्टही त्यानं मित्रांपुरत्या होतात. ‘टॅग रिव्ह्यू’ चालू ठेवा, म्हणजे कुणी तुमचं नाव जोडलं की आधी तुम्हाला विचारलं जातं, नाहीतर तुम्ही जपलेलं सगळं मेहुणा टॅग करून उघडं करतो. इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट करा आणि फॉलोअर्सची यादी एकदा खालपर्यंत बघा. प्रायव्हेट करण्याआधी आत आलेले आतच असतात. आपला फोटो आणखी कुठं वापरलाय का हे महिन्या-दोन महिन्यांनी गुगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनावर, टाकून बघता येतं. सगळं सापडत नाही, पण चोरलेली डीपी बऱ्याचदा सापडते.

नव्या ॲपनं ‘सगळे फोटो’ बघायची परवानगी मागितली तर ‘निवडक फोटो’ हा पर्याय घ्या, नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर तो असतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला गॅलरी आणि कॉन्टॅक्ट्स देऊच नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपना ते मागायची मुभाच नाही. मागणारं ॲप त्याच क्षणी काढून टाका. हप्ता चुकला की फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवणारी टोळी तिथूनच सुरुवात करते. फोन दुरुस्तीला देताना तुमचे फोटो झाकून ठेवणारा ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ आहे का बघा. विकताना नुसते फोटो डिलीट करून भागत नाही, गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट.

गडबड झालीच तर

कुणी फोटो विकृत करून किंवा खाजगी फोटो दाखवून पैसे मागत असेल तर पहिला रुपयाही देऊ नका. पैसे आले की मागणी थांबत नाही, रक्कम वाढते. आणि घाबरून चॅट डिलीट करू नका, तो तुमचा पुरावा आहे.

१. स्क्रीनशॉट घ्या, वर तारीख-वेळ दिसेल असे. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नाव आणि डीपी बदलता येते, नुसता नावाचा स्क्रीनशॉट पुढं निरुपयोगी ठरतो. फोन नंबर, यूपीआय आयडी, व्यवहार क्रमांक वहीत उतरवा. यानंतरच ब्लॉक करा.

२. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. बाकीची तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर. स्त्रिया आणि मुलांशी संबंधित प्रकारांत तिथं नाव न देताही तक्रार करता येते.

३. ज्या ॲपवर फोटो आहे तिथं ‘रिपोर्ट’ करा. नग्न किंवा विकृत केलेल्या फोटोंबद्दल खुद्द त्या व्यक्तीची तक्रार आली तर तो हटवण्यासाठी कंपन्यांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी जास्तीत जास्त २४ तासांची मुदत घातली होती; २०२६ च्या दुरुस्तीनं ती दोन तासांवर आली. तक्रार क्रमांक जपून ठेवा. गुगलच्या शोधातून काढण्याचा अर्ज वेगळा असतो. त्यानं शोधात दिसणं थांबतं, मूळ संकेतस्थळावरून फोटो जात नाही.

४. खाजगी फोटो पसरण्याची धमकी असेल आणि वय १८ पूर्ण असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या संकेतस्थळावर जा. फोटो तिथं चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनमध्ये त्याचा एक सांकेतिक ठसा बनतो, फक्त तो पुढं जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या जुळणारे फोटो अडवतात. १८ खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ तशाच पद्धतीनं चालतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

५. पोलीस. शहरात राहत असाल तर शहर पोलीस आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं, तालुक्यात असाल तर सोलापूर ग्रामीण पोलीस. हद्दीवरून परत पाठवत असतील तर ‘झिरो एफआयआर’ नोंदवायला सांगा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

तक्रारीत कलमं लिहायची सक्ती नाही, पण माहीत असलेली बरी. संमतीशिवाय खाजगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पसरवणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रियांसाठी आहे आणि त्यातलं एक स्पष्टीकरण फार मोलाचं आहे. स्त्रीनं फोटो काढू दिला, पण तिसऱ्याला दाखवायला संमती दिली नव्हती, तरी तो पसरवणं गुन्हाच. ‘तूच पाठवला होतास ना’ असं ठाण्यात किंवा घरात कुणी म्हणालं तर हे स्पष्टीकरण दाखवा.

असा फोटो लहान मुलाचा असेल तर तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. तसं पुढं पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा ठरू शकतो. ठाण्यात फोन घेऊन जा आणि तिथंच दाखवा. तक्रार अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा.